बाणकवचातली वधू

शके १९२१, म्हणजे सन १९९९, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, वेळ दुपारची. स्थळ उंब्रज येथील संगणकानंद महाराजांचा मठ. या दिवशी, या स्थळी, भरल्या सभेत शिराळ्याच्या प्रियदर्शनीचे नाव नाहीसे झाले.

महाराजांचा संगणक लग्नपत्रिका छापण्याआधी वधूवरांची परीक्षा घेई. शिष्य गुंडा पत्रिकेच्या तयार साच्यात नावे भरी आणि पडद्यावर पान उघडी. फौजेतून सुट्टीवर आलेल्या जयराजचे नाव ठसठशीत उमटले. त्यापुढे ‘चि. सौ. कां.’ आणि मग नुसती कोरी जागा!

“यंत्राने नाव नाकारले!” महाराज गरजले. “विश्वात्मक विद्युल्लहरींना कन्येत दोष दिसतो आहे. लग्न मोडा, नाहीतर मठात शांती करा.”

गर्दीने हात जोडले. जयराजची आई बनुबाई प्रियदर्शनीच्या वडिलांकडे वळली. “आवं भाऊसो, लय मोटा इशारा हाय ह्यो. आमास्नी न्हाई जमायचं.” भाऊसोंचा चेहरा उतरला. जयराज चुळबुळला, पण आईपुढे त्याची जीभ उचलेना.

प्रियदर्शनीला मात्र दोषाहून या आंधळेपणाचा अधिक राग आला. इतक्या डोळ्यांपैकी एकानेही नावे भरणारी गुंडाची बोटे पाहिली नव्हती; तिने पाहिली होती. ती सांगलीच्या कॉलेजात संगणकच शिकत होती.

“महाराज, वराच्या नावाभोवती गोल कंस, माझ्या नावाभोवती बाणांसारखे टोकदार. असं का?”

“ते बाणकवच, बाळ! संशय येईल तिथे बाण लावावेच लागतात. निर्दोष नाव बाण भेदून उमटते.”

“मग वराच्या जागी तुमचंच नाव बाणांत घाला. ते तर निर्दोषच असणार.”

“व्हय, घाल की रं गुंडा!” मागून कुणीतरी ओरडले.

गुंडाने महाराजांकडे पाहिले, मग गर्दीकडे. गर्दी मोठी होती. त्याने नाव भरले, पान उघडले. आता वरही गायब, वधूही गायब.

“म्हाराजबी दोषी निघालं रं गड्या!”

“मूढांनो, आम्ही निराकारात विलीन झालो!”

“मग परत आणते,” म्हणत प्रियदर्शनी संगणकापुढे बसली आणि साच्यातली एक ओळ बदलू लागली. “टोकदार कंसांतलं लिखाण पान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला मजकूर वाटत नाही, हुकूम वाटतो. अक्षर ठळक कर, ओळ मधोमध घे, असले हुकूम. ‘प्रियदर्शनी’ नावाचा हुकूम त्याला ठाऊक नाही, म्हणून तो काहीच दाखवत नाही. साचा करणाऱ्यानं बाहेरून आलेलं प्रत्येक अक्षर आधी तपासायचं. असा कंस आला की त्याच्या जागी त्याची सांकेतिक अक्षरं ठेवायची. मग तो हुकूम राहत नाही, नुसता कंस म्हणून दिसतो.”

पान पुन्हा उघडले. वधूच्या जागी प्रियदर्शनी बाणांसकट उमटली. वराच्या जागी महाराज, निराकारातून सुखरूप परतलेले.

“आवं, आदी माजं नाव घाला तितं!” जयराजला अखेर कंठ फुटला. मठ हास्याने दणाणला.

यंत्राचा निर्णय जरूर ऐकावा. पण तो कसा निघाला हे विचारल्यावाचून कुणाचे आयुष्य त्याच्या स्वाधीन करू नये. हे विचारण्यास संगणक यावा लागत नाही.

बनुबाई पदर खोचून उठली. “पोरीत दोष न्हाई, मिशनीतबी न्हाई. ह्या मानसानं फसिवलं, आन् आमी न इचारता फसलो. लगीन ठरल्या दिशीच हुईल.”