रिकाम्या सीटशी गप्पा

माझं तोंड बंद करायचा उपाय सापडला, असं आमचे हे ज्याला त्याला सांगत सुटले होते. उपाय म्हणजे विमानाच्या रेडिओचं बटण. ते दाबलं की माझी दातखीळ बसायची.

मी कोण, तर केस कापणारी बाई. सकाळी पार्लरचं शटर वर केलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो तो संध्याकाळी झाडून घेईपर्यंत. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाचा गुडघा कुठल्या डॉक्टरने बिघडवला, सगळं कात्रीच्या तालावर. अशा बाईने पन्नाशी उलटल्यावर दोन सीटचं विमान चालवायला शिकावं, याला लोक हसले. हसू देत. विमानाने मला कधी त्रास दिला नाही. उडवणं जमलं, उतरवणं जमलं, वारा आडवा आला तरी जमलं. अडलं ते बोलण्यावर.

आमचं मैदान साधं. गवत, एक शेड, कुंपणाजवळ एक बाक. तिथे टॉवर नाही, म्हणून कुणाला विचारायचं नाही. पण लायसन्स हवं तर एकदा तरी एकटीने डोंगरापलीकडच्या मोठ्या विमानतळावर जाऊन यावं लागतं. तिथे टॉवरमधला माणूस सांगेल ते करायचं, आणि त्याने जे सांगितलं ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं, म्हणजे त्याला कळतं की आपण नीट ऐकलंय. मग तो म्हणतो, ‘बरोबर’. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एवढंच. पण त्या लहरीवर असलेली सगळी विमानं आपलं बोलणं ऐकत असतात, आणि मी नेमकी तिथेच अडायची. पार्लरमध्ये मला ऐकणाऱ्याचं तोंड आरशात दिसतं. इथे कोण ऐकतंय, कसं तोंड करून ऐकतंय, काही पत्ता नाही.

तिथे जाताना दोनदा मला शिकवणारी बाई बरोबर होती, दोन्ही वेळा मी बटण दाबून नुसती श्वास घेत राहिले. शेवटी तिनेच माझ्या वतीने बोलून घेतलं. ती माझ्या निम्म्या वयाची. मी तिला कॅप्टनबाई म्हणते, ती मला काकू म्हणते.

“काकू, आता तिसरी वेळ,” ती म्हणाली. “या खेपेला एकट्या जा, टॉवरशी स्वतः बोला, परत या. मी लगेच सही करते. नाही जमलं तर मग माझ्या शेजारी बसूनच उडायचं. त्यातही काही कमी नाही.”

त्यात कमी होतं. लायसन्स नाही तोवर मला कुणाला शेजारी बसवता येत नव्हतं, आणि आमचे हे हट्टाला पेटले होते. कॅप्टनबाई त्यांना केव्हाही चक्कर मारून आणायला तयार होती. हे म्हणायचे, “नको. बसेन तर हिच्याच शेजारी बसेन.” चष्म्यांचं दुकान चालवणारा माणूस, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा, त्यातलं एक वाक्य रोज हे.

मग घरात सराव सुरू झाला. हे स्वयंपाकघरात ओट्याशी पळी तोंडाजवळ धरून टॉवर व्हायचे, मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून विमान. “टँगो लिमा, उजवीकडे वळा, दीड हजार फूट राखा.” टँगो लिमा हे माझ्या विमानाचं रेडिओवरचं नाव. मी परत म्हणायची. “बरोबर,” आतून आवाज यायचा. हळूहळू त्याची त्यांना सवयच लागली. मी म्हणावं, “अहो, येताना दूध आणा,” तर हे दारात उभे राहून म्हणायचे, “येताना दूध. अर्धा लिटर. पिशवी घेऊन.” आणि मी ‘बरोबर’ म्हणेपर्यंत चप्पल घालायचे नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर मग काय. रेडिओ बंद पडला तर टॉवरमधून रंगीत दिवा दाखवतात, लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे उतरा, हे त्यांनी कुठूनसं वाचलं. लगेच दुकानातून दोन रंगीत काचा घासून आणल्या, टॉर्चवर बसवल्या आणि मी पोळ्या लाटत असताना माझ्या तोंडावर दिवा मारायला लागले. लाल दिसला की मी लाटणं थांबवायचं. हिरवा दिसला की दोन्ही हात पसरून डावीउजवीकडे हलवायचे, कारण विमानात बोलता येत नसेल तर पंख हलवून ‘समजलं’ म्हणायचं असतं. पीठ सगळीकडे उडायचं. मी जाम वैतागायची. “तुमचं डोकं फिरलंय,” मी म्हणायची. “डोकं फिरलंय, समजलं,” हे म्हणायचे.

ठरल्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सकाळी एका नवरीचे केस बसवून मी थेट मैदानावर गेले. हे बाकावर बसले होते. कॅप्टनबाईने त्यांना हातात मावणारा छोटा रेडिओ दिला होता, नुसता ऐकायचा. “जाऊन ये,” एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं निदान अडीच वाक्यं तरी म्हणतील.

डोंगर ओलांडला, पलीकडचं सपाट शहर दिसायला लागलं, आणि मी बटणावर अंगठा ठेवला. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, तिथे पळी धरलेले हे आहेत असं समजले आणि सुरू केलं. अडखळत, पण बोलले. पलीकडून उत्तर आलं, लिंबू चोखल्यासारखा आवाज: “टँगो लिमा, आत या, तलावावर आलात की कळवा.” मी बटण दाबून सगळं परत म्हटलं आणि सोडलं.

म्हणजे मला वाटलं सोडलं.

माझा जीव भांड्यात पडला आणि पट्टा सुरू झाला. तासन्‌तास गप्प बसायची मला सवयच नाही. “बघितलंत?” मी रिकाम्या सीटला म्हटलं. “बोलले की नाही? आणि हा मेला कसा बोलतो बघा, जसं काही मी त्याच्या घरी उसनी साखर मागायला गेलेय. आंबट तोंडाचा. तुम्ही बरे टॉवर होता याच्यापेक्षा. पळी मात्र जागेवर ठेवत जा, मला भाजीच्या वेळी मिळत नाही. आणि कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणं बंद करा, चष्म्याचं दुकान आहे तुमचं, लोक काय म्हणतील.”

खाली शेतं, रस्ते, ऊन. इतकं बरं वाटत होतं की आणखी बोलत सुटले.

“खरं सांगू का, मी वैतागते, पण माझ्यासाठी इतका वेळ असं कुणी बसलेलं नाही. आईसुद्धा नाही. ते टॉर्चचं खूळ, ते दूध आणताना परत म्हणणं. मला तुम्ही फार आवडता. इतकी वर्षं झाली, कधी म्हटलं नाही. आपल्यात कोण म्हणतं? आज ऐकायला कुणी नाही म्हणून म्हणतेय. हे विमान मी माझ्यासाठी शिकले, पण लायसन्स मला तुमच्यासाठी हवंय. या सीटवर तुम्ही हवे आहात, बास.”

डोळे पुसले, कारण समोर तलाव आला होता आणि तो दिसणं गरजेचं होतं. बटण दाबलं. “टॉवर, टँगो लिमा, तलावावर, दीड हजार फूट.”

उत्तर नाही.

पुन्हा सांगितलं. चिडीचूप. दुसऱ्या कुठल्या विमानाचाही आवाज नाही. आवाजाची कळ फिरवली, हेडफोनची वायर काढून घातली. काही नाही. रेडिओ मेला, आणि तोही आजच.

परत फिरावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण परत फिरले असते तर तिसरी वेळही गेली असती, आणि शिवाय नियम वेगळा आहे. आत यायची परवानगी मिळाल्यावर रेडिओ गेला तर ठरल्या वाटेने पुढे जायचं आणि नजर टॉवरवर ठेवायची. रडारला आपली खूण पाठवणारं एक यंत्र विमानात असतं, त्यावर रेडिओ गेल्याचा ठरलेला आकडा फिरवला, म्हणजे टॉवरच्या पडद्यावर दिसतं. आणि हातपाय गाळायला नको म्हणून मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगायला लागले, घरच्यासारखी. “अहो, टँगो लिमा तलाव सोडतेय. एक हजार फुटांवर येतेय. धावपट्टी डावीकडे ठेवून समांतर जातेय. आता वळणार. टॉवरकडे बघतेय.”

टॉवरच्या काचेत लाल ठिपका पेटला.

पोळपाटासमोर उभी असल्यासारखी मी थबकले. “लाल. उतरत नाही. आणखी एक फेरी मारतेय,” मी सीटला सांगितलं आणि पंख हलवले. खाली एक मोठं प्रवासी विमान धावपट्टीवर टेकलं आणि बाजूला झालं. मी फेरी पूर्ण केली, पुन्हा वळले, आणि या वेळी हिरवा. स्थिर, स्वच्छ हिरवा, अगदी आमच्या दुकानातल्या काचेचा रंग. “हिरवा. उतरतेय,” मी म्हटलं, पंख हलवले आणि विमान अलगद खाली ठेवलं. इतकं अलगद मी पुन्हा कधी ठेवीन असं वाटत नाही.

इंजिन बंद करून बाहेर पडले तोवर तिथला मेकॅनिक येऊन पोचला होता. त्याने आत डोकं घातलं, बटणावर बोट ठेवलं आणि बोट नाकाला लावलं. “बाई, याला गुलाबाचा वास येतोय.”

नवरीच्या केसांना लावलेलं मेण. हात धुतले होते, पण ते मेण काही साध्या पाण्याने जात नाही, हे गिऱ्हाइकांना मीच तर सांगते. अंगठ्याचं मेण बटणाच्या फटीत गेलं होतं आणि बटण आत चिकटून बसलं होतं. रेडिओ मेला नव्हता. तलावाच्या बऱ्याच आधीपासून तो सलग माझंच बोलणं जगाला ऐकवत होता, म्हणून मला कुणाचं ऐकू येत नव्हतं. रेडिओवरचा बारीक दिवा तेच सांगत पेटलेला होता, पण त्यावर ऊन पडलं होतं.

मी काय काय बोलले ते एकेक आठवायला लागलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात टॉवरमधून एक उंच माणूस उतरून आला. नाक लाल, हातात रुमाल. “आंबट तोंडाचा तो मीच,” तो म्हणाला. “चार दिवस सर्दी आहे हो.”

मला मान वर करवेना.

“सुरुवातीला आमची पळापळ झाली,” तो म्हणाला. “तुमचं बोलणं थांबेना आणि आम्हाला बोलायला जागा मिळेना. बाकीच्यांना दुसऱ्या लहरीवर घेतलं. मग लक्षात आलं, बाई स्वतःच सगळं सांगतायत. कुठे आहे, किती उंचीवर, पुढे काय करणार. दिवा दाखवला तर तोही परत म्हणून दाखवला. इतकं स्वच्छ बोलणारं आमच्याकडे रोज कुणी येत नाही. तुम्हाला शिकवणाऱ्या बाईंना फोन करून तेच सांगितलंय.” मग नाक पुसून म्हणाला, “आणि ती पळी त्यांना जागेवर ठेवायला सांगा.”

मेकॅनिकने स्पिरिटने बटण पुसून दिलं आणि ते पुरतं तपासलं. परत निघताना मी ते दाबलं आणि एका दमात बोलले, न अडखळता. आता लपवायला उरलंच काय होतं? डोंगराशी त्यांची हद्द संपली तेव्हा तोच सर्दीचा आवाज म्हणाला, “टँगो लिमा, सुखरूप जा.” मागून कुठल्यातरी वैमानिकाने हळूच भर घातली, “आणि साहेबांना आमचा नमस्कार.”

मैदानावर उतरले. कॅप्टनबाई धावत आली, मला मिठी मारली आणि विमानाच्या पंखावरच कागद ठेवून सही केली. हे बाकावरून उठले होते, पण तिथेच उभे होते. छोटा रेडिओ अजून हातात. मी जवळ गेले.

“किती ऐकलंत?”

“तलावापर्यंत,” हे म्हणाले. “मग तू खाली गेलीस आणि नुसती खरखर. टॉवरचा कॅप्टनबाईला फोन येईपर्यंत मी इथेच उभा होतो.” चेहरा पांढरा पडला होता. चष्मा कपाळावर होता. त्यांनी घसा साफ केला. “ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं असतं ना?”

“अहो, राहू दे.”

“पळी जागेवर ठेवायची,” हे म्हणाले. “चष्मा कपाळावर ठेवून शोधायचा नाही.” हात वर करून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “मला तू फार आवडतेस. इतकी वर्षं झाली, कधी म्हटलं नाही. त्या सीटवर मला बसायचंय.”

मग ते थांबले, दूध आणायला निघताना दारात थांबतात तसे. मी ‘बरोबर’ म्हणेन म्हणून हे वाट बघत होते.

आणि दिवसभर सगळ्या आभाळाला ऐकवत सुटलेली मी, माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना. तेव्हा तिथेच, गवतात, कॅप्टनबाईच्या देखत, मी दोन्ही हात पसरले आणि डावीउजवीकडे हलवले.