मागच्या विमानातला माणूस

शेलूच्या सोनुबाईचा मुलगा योगेंद्र हवाईदलात लढाऊ विमान चालवायचा, त्याला नऊ वर्षं झाली. उडायच्या आधी तो आईला फोन करी आणि खाली आला की एकच शब्द पाठवी, ‘उतरलो’. तो शब्द येईपर्यंत सोनुबाई अन्नाला शिवत नसे. हे तिच्या सासूकडून आलेलं. पूल नव्हता तेव्हा बाप्ये उल्हास नदीपलीकडं शेतावर जात, आणि ते अलीकडं येईस्तोवर घरातल्या बाया भाताचा टोप उतरवून तशाच बसून राहत. आता पूल झाला, पलीकडच्या शेतांत सात-सात मजली इमारती उठल्या, तरी बाईनं हेका सोडला नाही. साखरेचा आजार जडला, नेरळच्या डॉक्टरांनी दोनदा फैलावर घेतलं. पण ऐकेल ती सोनुबाई कसली.

जानेवारीत योगेंद्र चार दिवसांच्या रजेवर आला. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. तोही शेजारी टेकला नि सोलू लागला.

“आये, आमच्याकडं आता बिनमाणसाची लढाऊ विमानं आलीत.”

सोनुबाईचा जीव भांड्यात पडला. “बरं झालं. यंत्रानं यंत्राशी लडावं. मानसाचं काय काम हाय तिथं?”

योगेंद्रनं फरशीवर वालाचे चार दाणे मांडले आणि त्यांच्या मागं पाचवा ठेवला. “ही चार पुढं जाणार. शत्रूचा मारा ह्यांनी अंगावर घ्यायचा. पडली तर पडली, त्यासाठीच केलीत. हा मागचा, ह्यात माणूस. कुठं जायचं, कुणावर डागायचं, ते तोच सांगणार.”

“म्हंजे मानूस हायच.”

“एक लागतोच. मारायचं का नाय, ते अजून कुणी यंत्रावर सोडलेलं नाय.”

“आनि पुढची चारी पडली मंग?”

योगेंद्रनं पाचही दाणे उचलून टोपलीत टाकले. बाईनं काय समजायचं ते समजून घेतलं.

पुढचं त्यानं सरळ सांगितलं. पूर्वी ज्या कामाला बारा वैमानिक लागत, त्याला आता तिघं पुरतील. बाकीच्यांनी जमिनीवरच्या खोलीत बसून, पडद्यावर बघत, लांब पल्ल्याची बिनमाणसाची विमानं चालवायची. वरच्या तीन जागांपैकी एकच उरली होती. तिच्यासाठीच्या यादीत दोनच नावं, त्याचं पहिलं. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

“मला वरच राहायचंय, आये.”

“आनि तू नाय म्हनलास तर?”

“तर मनोज.”

मनोज कशेळ्याच्या भागूबाईचा, सोनुबाईच्या जुन्या मैत्रिणीचा मुलगा. योगेंद्रहून दोन वर्षांनी धाकटा, त्याचीच पुस्तकं वाचून हवाईदलाची परीक्षा पास झालेला, आता त्याच्याच तुकडीत वैमानिक. अभ्यासाला महिना महिना शेलूला राहायचा, सोनुबाईला मावशी म्हणायचा, बिरड्याचा रस्सा वाटीनं प्यायचा. हे नाव तिनं नीट ऐकलं. कानांनी ती अजून ठणठणीत होती.

शनिवारी दुपारी तिनं ताट वाढून घेतलं नाही. रात्रीही नाही. रविवारी सकाळी योगेंद्र तिच्यापुढं येऊन बसला.

“अगं, मी हा इथं घरात हाय. जेव की.”

“तू कुटं उतरलायस अजून?” सोनुबाई म्हणाली.

नवरा चांगो दारात उभा होता. अख्ख्या संसारात तो बायकोच्या मध्ये पडला नव्हता, तो आता काय पडणार? गोठ्यात जाऊन बसला. संध्याकाळी बाईचे हात कापायला लागले, घाम सुटला, आणि तरी ती भिंतीला टेकून लेकाकडं बघत राहिली. साखर किती खाली जाते आणि मग काय होतं, ते तिला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. योगेंद्रलाही सांगितलं होतं. हट्टाला पेटलेली आई कुणाच्या वाट्याला येऊ नये.

त्यानं अंधार पडायच्या आत वरिष्ठांना फोन केला. दोन मिनिटं बोलला, सगळं इंग्रजीत. मग आत येऊन म्हणाला, “उतरलो. जेव.” आणि तिचं जेवण होईपर्यंत तिच्याकडं न बघता बॅग भरत बसला.

महिन्यानं भागूबाई आली. कशेळ्याहून जीपनं, पुढं रिक्षानं, आणि रिकाम्या हातानं. इतक्या वर्षांत ती कधी रिकाम्या हातानं आली नव्हती. सोनुबाईनं पाणी दिलं, चहा टाकला, भाताची, उन्हाची चौकशी केली. चहा निवून गेला तरी भागूबाईनं कप उचलला नाही.

“सोमवारपासून मनोज त्या चौघांच्या मागं उडनार,” ती म्हणाली. “पोरगं लय खूश हाय. योगूदादानं जागा सोडली म्हनतो.”

सोनुबाईला खोटं बोलायची संधी आयती चालून आली होती. हो म्हटलं असतं तर लेकाचं मोठं मन गावभर झालं असतं. पण तिला ते गिळवेना.

“योगूनं नाय सोडली,” ती म्हणाली. “मी सोडवली. उपाशी राहून.”

“ठाव हाय मला.”

“कुनी सांगितलं?”

“योगूनंच. फोन करून रडला माज्यापाशी.” भागूबाईचा आवाज चढला नाही. “मी पन तेच केलं असतं गं. तुज्यापेक्षा जास्त दिस उपाशी राहिली असती. पन यादीत माज्या पोराचं नाव शेवटी, त्याच्यामागं कुनीच नाय. मी उपाशी राहून कुनाचं पोर पुढं करू?”

सोनुबाईला शरम वाटली. आयुष्यात प्रथमच वाटली असं नाही, पण इतकी कधी वाटली नव्हती. तिनं भागूबाईचा हात धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

“मी भांडाया नाय आले,” भागूबाई म्हणाली. “मला फकस्त इचारायचं हाय. सोमवारी तो वर गेला की त्या टायमाला घरात करायचं काय? तू नऊ वर्सं केलंस. मनोज उडायचा तवा मी कदी अशी बसली नाय, मला यातलं काय म्हायती नाय.”