फरशीवर बसलेली सून

"असली मुखदुर्बळ सून माझ्याच नशिबी यायची होती!" सासूबाई बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या. "तो मॅनेजर वाटेल ते बोलतो, आणि ही मूग गिळून फरशीवर बसते. मी असते तर त्याला पळता भुई थोडी केली असती."

कापडाच्या त्या मोठ्या दुकानात पुरुष विक्रेत्यांना स्टूल होतं, बायकांना नव्हतं. काम तेच, पण बायकांनी दुकान बंद होईपर्यंत उभंच राहायचं. संध्याकाळी सुनेचे पाय भोपळ्यासारखे सुजलेले असायचे. बायकांनी स्टुलं मागितली, तर मॅनेजर म्हणाला, "उभं राहवत नसेल तर घरी बसा." तेव्हापासून त्या खाली बसूनच कापड दाखवत होत्या. घोषणा नाहीत, शिव्या नाहीत, कामात खोट नाही. काल मॅनेजरने शेवटचं बजावलं होतं: उभ्या राहा, नाहीतर कायमच्या जा. आणि मुलाचं काम सुटल्यापासून घरची चूल सुनेच्याच पगारावर पेटत होती. म्हणून आज सुनेचं भांडण आपल्या तोंडाने भांडायला सासूबाई निघाल्या होत्या.

दुकानाच्या दारात पोलीस उभा होता. आत मॅनेजर फडताळातले तागे ओढून बायकांच्या अंगावर भिरकावत होता. "बसायचंय ना? बसा आता घड्या घालत!" एका ताग्याच्या आतली फळी सुनेच्या कपाळाला लागली. रक्त आलं.

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे मेल्या, हात झडले नाहीत तुझे?" चप्पल काढून त्या पुढे धावल्या.

"आई," सून बसल्या जागेवरून म्हणाली, "चप्पल पायात घाला."

"अगं, रक्त आलंय तुला!"

"ते सगळ्यांना दिसतंय. तुम्ही मारलंत की तेवढंच दिसेल. पोलीस त्यासाठीच बोलावलाय त्यांनी."

उभ्या जन्मात त्यांना असं कुणी थांबवलं नव्हतं, धन्यानेसुद्धा नाही.

सुनेने कपाळ बाहीला पुसलं. बोटांना रक्त नाही ना, ते बघितलं. मग विस्कटलेला तागा जवळ ओढून, काठाला काठ लावत, हाताने सुरकुत्या काढत तो फळीवर गुंडाळला. तिच्या बाजूच्या बायकाही तेच करू लागल्या. 

"साहेब," सून म्हणाली, "अजून असतील तर द्या. लावून ठेवतो."

मॅनेजरच्या हातातला तागा हातातच राहिला. सासूबाईंच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई, चांगले बूट घातलेली, पुढे आली. "तो निळा दाखव गं," असं म्हणून ती सरळ सुनेसमोर फरशीवर बसली. मग दुसरी बसली. मग एक जोडपं. शेवटी पुरुषांमधला सगळ्यांत जुना विक्रेता उठला, आपलं स्टूल पायाने बाजूला सारून तोही खाली बसला. "इकडे या, शर्टाचं कापड इकडे," तो इतक्या साधेपणाने म्हणाला, की जणू रोज असंच चालतं.

दारातला पोलीस सोडला तर आता दुकानात उभे असे दोघेच राहिले: मॅनेजर, आणि हातात चप्पल घेतलेल्या सासूबाई.

त्याच्या पंगतीला आपण? सासूबाईंनी घाईघाईने चप्पल पायात घातली आणि गुडघ्यांना शिव्या देत त्या सुनेशेजारी टेकल्या.

मॅनेजरने तागा फडताळात ठेवला, केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. कुणी टाळी वाजवली नाही. कात्र्या चालू होत्या. स्टुलं काही त्या दिवशी आली नाहीत. पण 'जा' असं म्हणायलाही कुणी बाहेर आलं नाही.

सासूबाईंनी रुमाल ओला करून सुनेच्या कपाळावर धरला.

"ऐक," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता, "आख्खी गल्ली मला भिते. मी कुणाच्या बापाला भ्याले नाही. आज तुला भ्याले. घरात माझ्यापुढे अशी बसू नकोस हो, मला उत्तर सुचायचं नाही."