सात नंबरचं हेल्मेट

आमच्या कामेउरा गावच्या देवळात दर वसंतात देवमाशांचं श्राद्ध घालतात. गावानं पिढ्यान् पिढ्या देवमासे मारले, खाल्ले, त्यांच्यावर पोरंबाळं वाढवली. तेव्हा वर्षातून एक दिवस त्यांच्यासाठी हात जोडणं आलंच. मी या दिवसाची वाट बघतो ती, खरं सांगायचं तर, एन्ग्यो गुरुजींच्या प्रवचनासाठी. गुरुजी आधी साधं बोलतात, ओसरीवर बसून गप्पा माराव्यात तसं. मग एखाद्या वाक्याच्या शेवटी आवाज जरासा लांबतो, लांबलेला आवाज वर चढतो, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळतच नाही. आपल्याही नकळत सगळं देऊळ एका तोंडानं म्हणतं, ‘नामु अमिदा बुत्सु’, अमिदा बुद्धाला शरण. एकाहत्तर वर्षांत मला दुसरं व्यसन लागलं नाही. साकेची दारू सोडली तर.

यंदा मात्र मी खांबाच्या आड बसलो होतो.

पहिल्या रांगेत एक परदेशी माणूस होता. कॅलम त्याचं नाव. पन्नाशीला आलेला, पिंगट दाढीचा, आणि डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. देवमासे मारू नका म्हणत दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात आमच्या जहाजाच्या मागे लागणाऱ्या लोकांपैकी तो एक. अकरा वर्षांपूर्वी त्यानं त्यांच्या रबरी होडीतून आमच्या डेकवर आंबूस तेजाबाची बाटली फेकली होती. ती योशिमात्सुच्या कपाळाशी फुटली, आणि योशिमात्सुचा उजवा डोळा कायमचा अधू झाला. आता इतक्या वर्षांनी त्यानं देवळाला आमच्या भाषेत, वेड्यावाकड्या अक्षरांत पत्र लिहिलं होतं: कादोवाकी योशिमात्सु यांची माफी मागायची आहे. पत्र पोचलं तेव्हा योशिमात्सुला जाऊन सात महिने झाले होते. गुरुजींनी उलट लिहिलं, “तरीही या. त्यांची पत्नी आहे.”

तो कोणाला भेटायला आलाय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यानं खरं कोणाला भेटायला हवं होतं, हे फक्त मला.

सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर सेंजी भेटला. आमच्याच जहाजावरचा, जिभेला हाड नसलेला.

“तोकुझो, बाटलीवाला पाहिलास का? चांगला मांडी घालून बसलाय. आणि जेवायला काय वाढणार त्याला? आपल्या सूपात तर देवमाशाचं कातडं.”

“टोफू वाढतील,” मी म्हटलं.

“टोफू वाढा, आणि माझे बूटही ठेवा त्याच्यासमोर. अकरा वर्षं धुतोय, अजून वास जात नाही. म्हणावं, घे, तुझंच आहे!” तो स्वतःच हसला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुला काय झालंय? तोंड उतरलंय.”

“गुडघा दुखतोय.”

“मग बाहेर खुर्चीवर बस की.”

“प्रवचन नीट ऐकू येत नाही तिथून,” मी म्हणालो आणि आत जाऊन खांब गाठला.

गुरुजींनी त्या दिवशी जाळ्याचा दृष्टांत घेतला. कोळ्याच्या जाळ्याला भोकं असतात, म्हणाले, लहान मासा सुटतो, हुशार मासा सुटतो. अमिदाच्या जाळ्याला भोकं नाहीत. आणि ते चांगल्यांसाठी टाकलेलं नाही. चांगला आपणहून येतो. जो पळतो ना, त्याच्याच मागे ते जाळं धावतं. इथं त्यांचा आवाज लांबला. “पळ… पळ रे… किती पळशील… समुद्र संपेल, जाळं संपायचं नाही…” बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. एरवी अशा जागी माझंही मन भरून येतं, गोड वाटतं. त्या दिवशी कोणी मानेवर बर्फ ठेवावा तसं झालं. मी ‘नामु अमिदा बुत्सु’ म्हणालो, पण ओठांतल्या ओठांत.

मग गुरुजींनी जुनी वही उघडली. मारलेल्या माद्यांच्या पोटात जी न जन्मलेली पिल्लं सापडली, त्यांना आमचं देऊळ माणसासारखं मरणोत्तर नाव देतं, आणि त्या दिवशी ती नावं तारखांसह वाचतात. जहाजावरून तारखा आणण्याचं काम माझ्याकडे होतं. गुरुजी वाचत गेले. “अकरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीची सतरा तारीख. ‘शांत लाट’.” कॅलमनं झटकन मान वर केली. मी मान खाली घातली.

वाचन झालं तेव्हा गुरुजींनी त्याला बोलायला सांगितलं. तो उठला नाही. बसल्या जागी वळला आणि किनुए वहिनींसमोर, म्हणजे योशिमात्सुच्या बायकोसमोर, कपाळ चटईला टेकवलं.

“मी तुमच्या नवऱ्याचा डोळा घालवला,” तो म्हणाला. त्याचे उच्चार तुटक होते पण शब्द शोधून, घासून आणलेले. “आम्ही आपसात फार भांडायचो. काही म्हणायचे, बाटलीनं कोणाला इजा होत नाही, नुसता वास सुटतो, मांस खराब होतं. काही म्हणायचे, नुसते फलक धरून देवमासा वाचत नाही. मी म्हणायचो, वस्तूवर हल्ला करू, माणसावर नाही. पण समोरचं जहाज हलतं, आपली होडी हलते. कसली वस्तू आणि कसला माणूस! मला माहीत होतं की नेम चुकू शकतो. तरी मी फेकली.”

मागून सेंजी पुटपुटला, “निदान नेम तरी चांगला हवा होता.” कोणीतरी त्याला कोपरानं ढोसलं.

“अजूनही मी देवमासे मारण्याच्या विरुद्धच आहे,” कॅलम म्हणाला. “त्याची माफी मागायला मी आलो नाही. डोळ्याची मागायला आलोय. आणि एक विचारायचं होतं त्यांना. बाटली फेकली आणि लाटेनं मी होडीतून पडलो. सात नंबरच्या हेल्मेटचा माणूस माझ्यावर पाण्याचा फवारा मारत होता. आमची होडी मला घ्यायला जवळ येऊ शकत नव्हती. मग त्यानं पाणी बंद केलं. एक मिनिट. मी वर बघून ओरडलो, वाचवा. मला वाटलं, त्यानं ऐकलं. होडी अगदी हाताशी आली. आणि त्यानं पुन्हा पाणी सोडलं.” त्यानं डावा हात गुडघ्यावर उपडा ठेवला. “मला फक्त कळून घ्यायचंय. तो माझ्यासाठी थांबला होता का? आणि थांबला होता, तर पुन्हा का सोडलं?”

सात नंबरचं हेल्मेट योशिमात्सुचं. त्यांच्या लोकांनी काढलेल्या चित्रफितीत चेहरा दिसत नव्हता, काच खाली होती; हेल्मेटवरचा सात मात्र स्पष्ट दिसत होता. ती चित्रफीत गावात प्रत्येकानं पाहिलेली. समोर कोणी काही बोललं नव्हतं, पण गावच्या सार्वजनिक आंघोळीच्या हौदात योशिमात्सु उतरला की दोघेतिघे सावकाश बाहेर निघायचे, ते मी पाहिलं होतं. तोही सुरुवातीला सांगायचा, “मी तेव्हा आत डोळे धूत होतो.” लोक म्हणायचे, “हो, हो, असशील.” मग त्यानं सांगणं सोडलं.

किनुए वहिनींनी पांढरं झालेलं डोकं वाकवलं. त्यांनीही कपाळ टेकवलं, त्या माणसासमोर.

“त्या गारठ्यात तुमची बोटं आमच्यामुळे गेली,” त्या म्हणाल्या. “हे मनानं वाईट नव्हते हो. तुम्हाला बघून थांबले असतील. मग डोळ्याची आग झाली असेल, राग आला असेल. मी त्यांच्या वतीनं माफी मागते. ते गेले, पण शेवटपर्यंत कबूल केलं नाही त्यांनी. हीच एक खंत आहे.”

कोणीतरी नाक ओढलं. सगळ्यांना तो जबाब पटला होता. मऊ होता, दयेचा होता, सगळ्यांना घरी घेऊन जाता येईल असा होता. मी जर तिथं गप्प बसलो असतो तर सूप वाढलं गेलं असतं.

वहिनींचं कपाळ अजून खालीच होतं. मला त्यांची मान दिसत होती.

“किनुए वहिनी, उठा,” मी म्हणालो. “उठा. तुमचं काही नाही त्यात.”

सगळे खांबाकडे वळले. मी गुडघ्यांवर सरकत पुढे आलो.

“ते हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं,” मी म्हणालो. “फवाऱ्याला दोघं लागतात. योशिमात्सु पुढे, मी मागे. बाटली फुटली तेव्हा त्याची काच वर होती. त्यानं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, म्हणाला, ‘धर, तोकुझो, मी डोळे धुवून येतो.’ मी ते चढवलं. काच होती ना त्याला.”

कॅलम माझ्याकडे बघत होता.

“आणि मी तुमच्यासाठी थांबलो नव्हतो,” मी त्याला म्हणालो. ह्या वाक्याला मी अकरा वर्षं भीत होतो. “डेकवर मादी फाडली होती. पोटात पिल्लू निघालं. असं पिल्लू निघालं की आमच्याकडे घंटा वाजते. सगळे सुरे, सगळं पाणी, सगळं थांबतं. पिल्लाला पांढऱ्या कापडात गुंडाळून समुद्रात सोडतात, सगळे अमिदाचं नाव घेतात. एक मिनिट. मी डोळे मिटून नाव घेत होतो. तुम्ही ‘वाचवा’ म्हणालात ते मला नावासोबतच ऐकू आलं. आमच्या भाषेत म्हणाला होतात.”

“तेवढा एकच शब्द येत होता,” कॅलम म्हणाला.

“मग दुसरी घंटा झाली. कामाला लागा. हात आपोआप तोटीकडे गेला. तिथवर सवय म्हणू. पण पाणी सुटल्यावर मी डोळे उघडले. तुम्ही दिसलात. तुमची होडीही दिसली, मागे वळलेली. तोटी माझ्या हातात होती. मी ती बंद केली नाही.”

“रागानं?”

मी विचार केला. त्याला आणि गुरुजींना तरी खोटं सांगायचं नव्हतं. “नाही. रागानं असतं तर बरं होतं. कोणी बंद कर म्हणालं नाही, म्हणून नाही केली. मेलेल्या पिल्लासाठी हात थांबला, कारण घंटा झाली. तुमच्यासाठी कोणी घंटा वाजवली नाही.”

गुरुजींनी वहीतलं ते पान अजून उघडंच ठेवलं होतं. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं होतं त्यांनी काहीतरी म्हणावं; त्यांच्या आवाजाच्या आडोशाला मला जाता आलं असतं.

कॅलमनं मान हलवली. “मला वाटायचं, त्या एका मिनिटात कोणीतरी माझ्याकडे पाहिलं होतं,” तो म्हणाला. “त्या मिनिटावर मी बरीच वर्षं काढली.” एवढंच. त्यानं मला माफ केलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. मागायला तोंड कुठं होतं?

सेंजी खाली चटईकडे बघत होता. तोही आंघोळीच्या हौदातून बाहेर निघणाऱ्यांतला होता.

किनुए वहिनी उठून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा रागाचाही नव्हता. दिव्यातलं तेल संपावं तसा रिकामा.

“शेवटच्या आठवड्यात,” त्या म्हणाल्या, “मी ह्यांना म्हटलं, अहो, आता तरी कबूल करा, मन हलकं करून जा. ते म्हणाले, मी डोळे धूत होतो गं. मी म्हटलं, मरताना तरी खोटं बोलू नका.” मग त्यांनी मला विचारलं, “तुम्ही भेटायला यायचा तेव्हा. संत्री घेऊन. त्यांच्या उशाशी बसायचा.”

“हो, वहिनी.”

“सोलून द्यायचा.”

“हो.”

“त्यांना ठाऊक होतं. हेल्मेट त्यांनीच दिलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“आणि ते बोलले नाहीत.”

मी चटईवर कपाळ टेकवलं. “वहिनी, मला—”

“मला नका सांगू,” त्या उठत म्हणाल्या. “मला काय सांगता? चला घरी.”

आम्ही देवळातून उतरलो. त्या पुढे, मी मागे, आणि माझ्या मागे न बोलावता कॅलम. सूपाचा वास अंगणभर सुटला होता आणि कोणी जेवायला बसलं नव्हतं. घर उताराच्या तळाशी, बंदराच्या तोंडावर. वहिनींनी चपला नीट लावल्या, आमच्याही लावल्या. आत पितरांच्या देव्हाऱ्याची दारं उघडी होती, योशिमात्सुचा फोटो त्यात, उजवा डोळा किंचित मिटलेला. त्यांनी अगरबत्ती लावली, लहान घंटेवर एकदा टोला दिला आणि बाजूला सरकून बसल्या.

मी हात जोडले. “योशिमात्सु,” मी म्हणालो, “ते हेल्मेट—”

“मोठ्यानं,” वहिनी म्हणाल्या. “जहाजाच्या इंजिनानं कान गेले होते त्यांचे.”