सहा पेले

नदीच्या वरच्या अंगाला दरड कोसळली आणि सकाळी आठ वाजता जलशुद्धीकरण केंद्रात नदी आली ती दुधाळ चहा होऊन. तिथल्या केमिस्टबाईने तुरटी वाढवली. पाणी ढिम्म. आणखी वाढवली, तरी ये रे माझ्या मागल्या. टाकीत दुपारी दोनपर्यंत पुरेल एवढंच शुद्ध पाणी होतं, आणि दोनलाच तिची आई रुग्णालयात डायलिसिसला बसणार होती. पाणी नाही तर मशीन नाही.

शेवटी अभिमान गिळून तिने टॉर्चकाकांना फोन लावला. तिच्याआधी तीस वर्षं हीच खुर्ची सांभाळलेला, तिला हाताखाली शिकवलेला हा माणूस. दूध असो, धुकं असो, ते टॉर्च मारणारच: "आत किरणाची वाट दिसली ना? म्हणजे बारीक कण तरंगतायत. ह्याला कलिल म्हणतात!" ते निवृत्त झाले तेव्हा, खरं सांगायचं तर, ती "सुटले!" म्हणाली होती.

"चाचणीचे पेले किती मांडलेस?" काकांनी विचारलं.

"तीन. नदीचंच पाणी, प्रत्येकात आधीच्यापेक्षा जास्त तुरटी."

"आणि कमीचे तीन?"

"कपाटात." रोज सहा पेले कोण घासणार, म्हणून तिनेच ते आत टाकले होते.

"अगं, मातीचे हे कण म्हणजे न पटणारे भाऊ. सगळ्यांवर एकच विद्युतभार, म्हणून एकमेकांना ढकलत तरंगतात, खाली बसत नाहीत. तुरटी मध्यस्थ. पण मध्यस्थच जास्त झाले की भार उलटतो आणि भांडण पुन्हा पेटतं. अति तिथं माती! कमी करून बघ."

तिने सहा पेले मांडले. दुसऱ्याच पेल्यात कण एकमेकांना धरून कापसासारखे झाले आणि तळाला बसले. टॉर्च मारला, तर वरच्या पाण्यात किरण दिसेना. धावत जाऊन तिने केंद्रातली तुरटी त्या पेल्याएवढीच केली.

सव्वादोनला आईचा फोन आला. "बसले गं मशीनवर. तू जेवलीस का?"

तिला रडूच कोसळलं. मग तिने काकांना फोन केला.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू? आणि मी तुमच्या पाठीमागे हसायचे तुम्हाला."

"माहीत आहे. पेले घासायचीस तेव्हा आवाज यायचा ना, आदळआपट. आज कसे घासलेस?"

खिडकीत सहा पेले ओळीने निथळत होते.

"हळू, काका," ती म्हणाली. "अगदी हळू."