टँकर उभा आणि सभापती फेट्यात

पुढाऱ्याच्या घरी रोज सकाळी काय कटकट असते, ते त्या घरच्या बाईलाच विचारा! बहात्तरचा दुष्काळ. जामखेड तालुक्यात विहिरी कोरड्याठाक, आणि सभापती सूर्यभानरावांच्या ओसरीवर मात्र चहाची तिसरी किटली. कुणी हार आणलेला, कुणी फेटा बांधतोय. फोटोग्राफरला आणायला जीप गेलेली.

एकेकाळी हाच सूर्यभान अनवाणी पळून जिल्ह्याच्या शर्यती जिंकायचा. त्या नावावरच लोकांनी त्याला निवडून दिलं. आता शेजारच्या आळीत जायलाही जीप लागते!

तेवढ्यात सायकल भिंतीला टेकवून विष्णुपंत मास्तर आत आले. शाळेत त्याला पळायला यांनीच शिकवलेलं.

"सूर्यभान, माळावरच्या वस्तीत टँकर सकाळपासून उभा आहे. बायका हंडे घेऊन उन्हात बसल्यात."

"मग सोडा की पाणी!"

"कोण सोडणार? तुझे कार्यकर्ते काकासाहेब तोटीपाशी राखण करताहेत. सभापतींनी नारळ फोडल्याशिवाय तोटी उघडायची नाही म्हणे!"

"गुरुजी, रीतच आहे ती. लोकांनाही मान द्यावासा वाटतो."

"मान?" मास्तर कडाडले. "अरे, हार शर्यत संपल्यावर घालतात. तू तर पळायच्या आधीच गळा पुढे करून बसलास! तिकडे वस्तीतली म्हातारी गोजरबाई भोवळ येऊन पडली. तिच्यासाठीसुद्धा तोटी उघडली नाही रे!"

सूर्यभानरावांनी अर्धामुर्धा फेटा ओढून काढला. जीप? ती फोटोग्राफरकडे! छे! धोतर खोचून ते पळतच सुटले. पोट हिंदकळतंय, धाप लागलीय, पण थांबले नाहीत.

वस्तीवर पोचताच त्यांनी काकासाहेबांना बाजूला सारलं आणि तोटी उघडली. पहिला तांब्या गोजरबाईच्या तोंडाला लावला.

"साहेब, नारळ राहिला!" काकासाहेब कळवळले.

"पोरांना खायला द्या तो!"

म्हातारीनं घोटभर पाणी पिऊन डोळे उघडले. "पळता येतंय की अजून, लेकरा! मग सकाळीच का न्हाई आलास?"

सभापतींची मान खाली गेली. "चुकलं, माय. आता तालुक्यात पाणी कुणासाठी थांबायचं न्हाई. माझ्यासाठी तर न्हाईच!"

बंधुभगिनींनो, चुकले एकटे सूर्यभानराव नव्हेत. तहानलेल्यांपुढे नारळ धरून बसणारे काकासाहेब गावोगाव आहेत, आणि 'साहेबांना येऊ द्या' म्हणत गप्प बसणारे आपणही! निवडून दिलेल्या माणसाला कामाला जुंपायचं असतं, पाटावर बसवून ओवाळायचं नसतं. उद्या तुमच्या गावात टँकर आला, तर आधी तोटी उघडा. साहेब येतील सावकाश!