म्हशीनं पास केलेली खुर्ची

आमच्या गावात एक रीत हाय. सोसायटी काढायला तालुक्याहून साहेब येतो, अन् तो ज्याच्या खुर्चीवर बसतो तोच चेअरमन होतो. ही रीत कुणी पाडली ठाऊक न्हाय, पण मतं मोजायची कटकट वाचते. ऊसाची, खताची अन् पाण्याची अशा तिन्ही सोसायट्या नानासाहेबांकडं गेल्या त्या ह्यामुळंच. गावात घडीची लोखंडी खुर्ची फक्त त्यांच्याकडं होती. ऊस गावात नव्हता, खत टाकायला पाऊस नव्हता, पाणी भूम गावाहून टँकरनं यायचं. पण चेअरमन तीन होते अन् तिन्ही नानासाहेब.

अशा दुष्काळात दुधाची सोसायटी निघायची ठरली. दूध कुणाकडंच नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना सारखीच संधी.

बब्रुवाननं चेअरमन व्हायचं मनावर घेतलं. त्याच्या माळवदावर निजामाच्या काळातल्या गिरदावराची, म्हणजे महसुलाच्या साहेबाची, सागवानी खुर्ची पालथी पडली होती. बैठक उंदरांनी खाल्लेली, अंगावर रंगाची पुटं.

"हिला नवी करतो," तो बायकोला, धुरपदाबाईला म्हणाला.

"आधी म्हशीचं बघा. तोंडापुढं काय खायला असल्याबिगर पान्हा सोडंना ती."

"चेअरमन झालो की म्हशीचंच बघायचंय."

फुटक्या काचेनं त्यानं रंग खरवडला. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली परत हिरवा. मग सागवान दिसलं. पॉलिश मागायला गेला तर दुकानदार महांतप्पा म्हणाला, "पॉलिश सोलापूरला. हितं जवसाचं तेल हाय, लाकूड पितंय ते." लाकूड खरंच प्यालं. खुर्ची चकाकली अन् घरभर पेंडीचा वास सुटला. गोठ्यातली म्हैस लई दिवसांनी हंबरली. बब्रुवानला वाटलं, तिलाबी खुर्ची आवडली.

बाजेची नवार सोडून त्यानं खुर्चीला विणली. धुरपदाबाई भुईवर आली. आता राहिलं आत भरायचं. काथ्या न्हाय, कापूस न्हाय. पण कणगीमागं धुरपदाबाईनं म्हशीसाठी कडब्याच्या शेवटच्या पेंढ्या लपवल्या होत्या. त्यानं त्यांची कुट्टी केली, दबून बसावी म्हणून गुळाचं पाणी शिंपडलं, वरनं बायकोचं लाल लुगडं ताणून चुका ठोकल्या.

"कडबा कुठं गेला?" तिनं इचारलं.

"उंदरांनी खाल्ला असंल."

"कडबा खाऊन सुतळी गुंडाळून ठिवणारी उंदरं आपल्याच घरी कशी आली म्हणायची?"

सभा बब्रुवानच्या अंगणात भरली, कारण गावात सावली असलेला कडुलिंब तिथंच उरला होता. नानासाहेब आपली खुर्ची बगलेत मारून आले. साहेबानं एकदा लोखंडाकडं बघितलं, एकदा लाल गादीकडं बघितलं, अन् गादीवर बसला. बब्रुवानच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेब दुधाचा महापूर येणार म्हणून सांगत होता, तेवढ्यात म्हैस दावं तोडून मागनं आली अन् खुर्चीखाली तोंड घातलं. नवारीच्या फटीतनं तिनं कुट्टी वढायला सुरुवात केली.

"खुर्ची हलतेय का हो?" साहेब म्हणाला.

"नवी नवार हाय साहेब, बसंल हळूहळू."

नवार बसली न्हाय, तुटली. भाषण वर चाललं होतं अन् साहेब खाली. गुडघे छातीला टेकले तरी तो बोलायचा थांबंना, अन् साहेबाला मधी तोडायची आपल्याकडं पद्धत न्हाय. शेवटी नानासाहेब म्हणाले, "साहेब, तुमच्याखाली म्हैस जेवायलीय."

साहेब उठायला गेला, पण पुरता अडकला होता. चरवी घेऊन धुरपदाबाई धावली. "साहेब, हलू नगा. पान्हा सोडलाय तिनं."

चरवीत धारा वाजायला लागल्या. अंगणातला एक माणूस हलंना. किती दिवसांनी गावानं तो आवाज ऐकला. साहेबबी गप झाला. अडकल्या जागी त्यानं दुधाचा चहा घेतला.

नानासाहेबांनी हरकत काढली. "साहेब खुर्चीवर बसले न्हाईत, खुर्चीत अडकलेत. हे धरायचं न्हाय."

साहेब कपातनं तोंड काढून म्हणाला, "मी उठत नाही तोवर बसलोय असंच धरा." अन् बब्रुवान चेअरमन झाला. मग साहेबाला काढला.

दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या नावावर सरकारी छावणीतनं चारा अन् आंबोण आलं, पण म्हैस टोपल्याकडं बघंना. तुटकी नवार बांधून खुर्ची पुढं ठिवली, छावणीतला चारा बैठकीत भरला, तरी नुसती वर बघत उभी. धुरपदाबाई म्हणाली, "वर कुणीतरी पाहिजे तिला."

आता चेअरमन सकाळ-संध्याकाळ गोठ्यात खुर्चीवर असतात. सह्या पाहिजेत तर धारेच्या येळंला जायचं. खालनं म्हैस खाते, बाजूला धुरपदाबाई धार काढते.

"चेअरमन," ती म्हणते, "जरा डावीकडं सरका. त्या कोपऱ्यातलं तिला पोचंना."

बब्रुवान सरकतो.